वीस हजारांत सायकलीसाठी काय घ्यावे : खानापूरच्या एका शिक्षिकेला उत्तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात राहणाऱ्या आणि जवळच्याच एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड वर्षापूर्वी त्यांनी २४ गिअरची, डिस्क ब्रेकची हायब्रिड सायकल घेतली. शाळेला रोज येऊन-जाऊन १८ किलोमीटर आणि बहुतेक रविवारी जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला फेरी, असे मिळून सुमारे ७,००० किलोमीटर झाले. आता चढावर जोर लावला की चेन दातावरून उडी मारते, तासाभराने करंगळी बधिर होते, बसण्याच्या जागी दुखते आणि पावसात ब्रेक किंचाळतात. त्यांनी २०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. कार्बन फोर्क (पुढचे चाक धरणारा कार्बनचा चिमटा), हलकी चाके, क्लीटचे (पेडलमध्ये अडकून बसणारे) बूट आणि चांगली जर्सी घेण्याचा विचार आहे. यांतले आधी काय घ्यावे आणि कुठून घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मी बेळगावच्या टिळकवाडीत २२ वर्षे सायकल दुरुस्तीचे काम करतो आणि तितकीच वर्षे स्वतः घाटात सायकल चालवतो. आपण घेऊ इच्छिता त्या चारही वस्तू वाईट नाहीत, परंतु आपण सांगितलेल्या चार तक्रारींपैकी एकही तक्रार त्यांनी दूर होणार नाही. नवे सामान घेण्याआधी सायकलीवरचे जुने सामान हातात घेऊन पाहावे, ते कुठे झिजले आहे आणि त्यावर कोणते आकडे छापले आहेत ते कागदावर लिहून घ्यावे, आणि मगच पैसे काढावेत, हा माझा आग्रह आहे. त्याला जोडून दुसरा आग्रह असा की, जो भाग बेळगावच्या बाजारात एका दिवसात मिळत नाही, तो रोजच्या सायकलीवर बसवू नये. कणकुंबीच्या पुढे काही मोडले तर हाताशी किती हलके सामान होते याला अर्थ राहत नाही. ते सामान पुन्हा कुठे मिळते, यालाच अर्थ राहतो.

चेनपासून सुरुवात करतो, कारण तिथे आपले सर्वाधिक नुकसान चालू आहे. सायकलीच्या चेनच्या दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असते, म्हणून नव्या चेनवर २४ सांधे बरोबर १२ इंचांत बसतात. शाळेतील लोखंडी फूटपट्टी घ्यावी, पेडलवर हलका दाब देऊन चेन ताणून धरावी, शून्याची खूण एका पिनेच्या मध्यावर ठेवावी आणि १२ इंचांच्या खुणेपाशी दुसरी पिन कुठे आली ते पाहावे. पिनेचा मध्य बरोबर खुणेवर असेल तर चेन चांगली आहे. तो एक षोडशांश इंच पुढे गेला असेल तर चेन अर्धा टक्का लांबली आहे आणि बदलण्याची वेळ झाली आहे. एक अष्टमांश इंच पुढे गेला असेल तर चेन एक टक्का लांबली, आणि तोपर्यंत तिने मागच्या दातांनाही आपल्या मापाचे करून घेतलेले असते. खानापूर-जांबोटीच्या बाजूची तांबडी माती तेलात मिसळली की तिचा लेप तयार होतो आणि तो पॉलिश पेपरासारखे काम करतो. अशा रस्त्यावर ७,००० किलोमीटर एकच चेन चालली असेल, तर फूटपट्टी काय सांगेल याचा मला जवळजवळ अंदाज आहे.

त्यामुळे नुसती चेन बदलून भागणार नाही. नवी चेन जुन्या, झिजलेल्या दातांवर आणखी जास्त उड्या मारते, आणि मग गिऱ्हाईक म्हणते की दुकानदाराने नकली चेन दिली. चेन आणि मागचे दाते एकाच वेळी घ्यावेत. समोरच्या तीन चक्रांचे दातेही नीट पाहावेत. ते एका बाजूला झुकलेल्या लाटेसारखे दिसत असतील तर मधले चक्रही जाण्याच्या वाटेवर आहे, कारण रोजच्या प्रवासात तेच सर्वाधिक वापरले जाते.

येथे एक अडचण आहे आणि ती नीट समजून घेणे आवश्यक आहे. आपल्याकडच्या ८ गिअरच्या मागच्या चाकांत दोन प्रकार आढळतात. एकात दात्यांचा संच हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, सरकवून वरून लॉकरिंगने आवळलेला असतो, त्याला कॅसेट म्हणतात. दुसऱ्यात दाते आणि त्यांची टिकटिक करणारी यंत्रणा एकाच तुकड्यात असते आणि तो तुकडा हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो, ते फ्रीव्हील. दिसायला दोन्ही सारखेच, पण एकाच्या जागी दुसरे बसत नाही. ओळखण्याची रीत सोपी आहे. मागचे चाक काढावे, दाते हाताने उलट दिशेला फिरवावेत आणि मधोमध पान्यासाठी असलेल्या खाचांकडे पाहावे. खाचांचे कडे दात्यांबरोबर फिरत असेल तर कॅसेट, आणि दाते फिरताना ते जागेवर स्थिर राहत असेल तर फ्रीव्हील. ही खूण माहीत नसल्यामुळे ऑनलाइन मागवलेली कॅसेट परत पाठवण्याची वेळ माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांवर आली आहे.

कॅसेट असेल तर एका फायद्याचा विचार करावा. आपल्या मागच्या चक्रांत सर्वात मोठे चक्र बहुधा ३२ दातांचे असेल. मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, ३४ दातांपर्यंत झेपणारा असेल, आणि हे त्याच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेले असते, तर ११-३४ ची, म्हणजे सर्वात लहान चक्र ११ आणि सर्वात मोठे ३४ दातांचे असलेली, कॅसेट घ्यावी. सर्वात हलका गिअर त्यामुळे सुमारे ६ टक्क्यांनी आणखी हलका होतो. चोर्ला घाट उतरून परत चढताना शेवटच्या वळणांवर हे ६ टक्के गुडघ्यांना फार मोठे वाटतात. याच्याशेजारी हलक्या चाकांचा हिशेब मांडून पाहावा. सायकल आणि स्वार मिळून ७५ किलो वजन धरले आणि चाकांत ३०० ग्रॅम वाचवले, तर एकूण वजनात ०.४ टक्के फरक पडतो. तासाभराच्या चढावर तो साधारण १४ सेकंदांचा आहे. त्या १४ सेकंदांसाठी आपल्या बचतीचा मोठा वाटा जातो, आणि ३४ दातांच्या कॅसेटला ३२ पेक्षा फारसे जास्त पैसे पडत नाहीत.

चेन घेताना पाकिटावर ८ गिअरची असल्याचे पाहावे. ९, १० आणि ११ गिअरच्या चेन बाहेरून क्रमाने अरुंद होत जातात आणि त्या महागही असतात. आपल्याला त्यांचा काही उपयोग नाही. नवी चेन कापताना जुनीच्या शेजारी लांबीला लावून मापू नये, कारण जुनी लांबलेली आहे. कड्या मोजून तितक्याच ठेवाव्यात. कॅसेट मोठ्या दातांची घेतली असेल, तर समोर मोठे आणि मागे मोठे अशा जोडीवर चेन पुरते का, ते कापण्यापूर्वी पाहावे. जोडकडी, म्हणजे क्विक लिंक, एक जास्तीची घ्यावी आणि सीटखालच्या पिशवीत ठेवावी.

आता करंगळीच्या बधिरपणाविषयी. यासाठी जेलचे हातमोजे घ्या असे आपल्याला कोणी ना कोणी सांगेलच. माझी विनंती आहे की त्याआधी सीटवर एक लेव्हल पट्टी किंवा सपाट फळी ठेवून पाहावी. सीटचे नाक खाली झुकलेले असेल तर शरीर सतत पुढे घसरते, ते सावरण्यासाठी तळहातांवर भार येतो आणि तळव्याच्या करंगळीकडील कडेने जाणारी नस दाबली जाते. माझ्याकडे बधिर हातांची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांचे काम सीट आडव्या रेषेत आणून आणि हँडल थोडे वर घेऊन झाले आहे, आणि त्याला एक पाना व दहा मिनिटे लागली आहेत. सीटची उंचीही त्याच वेळी तपासावी. पेडल सर्वात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर त्यात योग्य तो बाक आपोआप येतो.

सीटचे दुखणे मात्र नुसत्या पान्याने जाईलच असे नाही. लोक दुकानात अंगठ्याने सीट दाबून पाहतात आणि जी सर्वात मऊ लागते ती घेतात. अर्ध्या तासाच्या फेरीला ती बरी वाटते. दोन तासांनी बसण्याची हाडे त्या मऊपणात रुततात आणि मधला भाग वर येऊन नको तिथे दाब देतो. सीटची रुंदी बसण्याच्या दोन हाडांमधील अंतरावरून ठरवावी. घरी हे माप घेता येते: टणक स्टुलावर नालीदार पुठ्ठा ठेवावा, त्यावर पाठ थोडी पुढे झुकवून बसावे, पाय किंचित उचलून दोन मिनिटे भार द्यावा, आणि उठल्यावर पुठ्ठ्यावर पडलेल्या दोन खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजावे. त्यात सुमारे २० मिलिमीटर मिळवले की सीटच्या रुंदीचा अंदाज येतो. हँडल उंच ठेवून ताठ बसण्याची सवय असेल तर आणखी थोडे मिळवावे. स्त्रियांमध्ये हे अंतर सरासरीने जास्त असते, आणि नव्या सायकलीबरोबर येणारी सीट बहुतेक वेळा पुरुषाच्या मापाची असते. माझ्या धाकट्या बहिणीने तीन सीट बदलल्या, तिन्ही मऊ, आणि चौथी टणक पण रुंद घेतल्यावर तिचे दुखणे थांबले. तिच्याकडून शिकलेलीच गोष्ट मी येथे सांगत आहे.

सीटच्या जोडीला पॅडच्या दोन चड्ड्या घ्याव्यात. एक वाळत असताना दुसरी वापरता यावी म्हणून दोन. पावसाळ्यात आपल्याकडे कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर पॅड त्वचेला लागला की फोड येतात. ही चड्डी थेट अंगावर घालायची असते, आत दुसरे काही नको, कारण आतल्या कपड्याची शिवण तासाभरात त्वचा सोलवटते. स्त्रियांसाठीच्या पॅडचा आकार वेगळा असतो, तोच मागावा. शाळेत जाताना वरून सैल सलवार घालता येते, पण तिचा घोळ उजव्या पायापाशी पट्टीने बांधावा आणि ओढणी मात्र पिशवीत ठेवावी. मागच्या चाकात ओढणी अडकून झालेला एक अपघात मी जवळून पाहिला आहे आणि त्याविषयी अधिक लिहावेसे वाटत नाही.

टायर हा आपल्या यादीत नसलेला, पण मी चेनच्या बरोबरीने घ्यायला सांगेन असा भाग आहे. टायरच्या बाजूवर ३५-६२२ असा आकडा उमटवलेला असेल. यातील ६२२ म्हणजे रिमवर जिथे टायरची कड बसते तिथला व्यास मिलिमीटरमध्ये, आणि ३५ म्हणजे रुंदी. बाजारात ७००, २८ इंच, २९ इंच अशी निरनिराळी नावे चालतात आणि त्यांतून गोंधळ होतो. आपल्या जुन्या काळ्या रोडस्टर सायकलीचा २८ इंची टायर ६३५ मिलिमीटरचा असतो आणि तो आपल्या रिमवर कधीही बसणार नाही. उलट २९ इंची माउंटन सायकलचा टायर ६२२ चाच असतो. म्हणून दुकानात इंच सांगूच नयेत, ६२२ हा आकडा सांगावा.

रुंदी ३५ ते ३८ ठेवावी, फ्रेममध्ये मडगार्डसह जागा शिल्लक राहते का ते पाहून. आतमध्ये पंक्चररोधक पट्टी असलेला टायर घ्यावा. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेल्या केसासारख्या बारीक तारा पडलेल्या असतात, आणि आपल्या भागात होणाऱ्या पंक्चरांचे ते फार मोठे कारण आहे. अशी तार डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की तो जिथे अडकतो तिथे ती असते. हवा मात्र टायरवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी भरू नये. आपल्या वजनाला ३५ च्या टायरमध्ये ५० ते ५५ पीएसआय पुरे. दगडासारखा टणक टायर जांबोटीच्या खड्ड्यांवर उड्या मारतो, आणि तेच धक्के हात व कंबर सोसतात. आपल्याला कार्बन फोर्ककडून जो आराम हवा आहे, त्याचा बराच भाग योग्य टायर आणि योग्य हवा यांतून मिळतो.

हलक्या चाकांबद्दल मघाशी वजनाचा हिशेब सांगितला, पण माझ्या विरोधाचे खरे कारण दुसरे आहे. २०१४ च्या सुमारास मी स्वतः हौसेने २० तारांची हलकी चाके घेतली होती. त्या तारा सरळ मानेच्या, चपट्या आणि त्याच कंपनीच्या मापाच्या होत्या. कणकुंबीच्या अलीकडे मागच्या चाकाची एक तार तुटली. ३२ तारांच्या चाकात एक तार तुटली तर चाक थोडे डगमगते आणि ब्रेक सैल करून घरी पोहोचता येते. २० तारांत तो भार इतका वाढतो की रिम फ्रेमला घासू लागते. मी सायकल बसच्या टपावर घालून परत आलो, आणि ती एक तार मिळवण्यासाठी मला पाच आठवडे थांबावे लागले. मी रोज इतरांच्या चाकांचा आउट काढतो, म्हणजे तारा आवळून डगमगणारे चाक सरळ करतो, तरीही स्वतःच्या चाकाचा आउट काढण्यासाठी हातात तार नव्हती. साध्या वाकड्या मानेच्या, ३२ किंवा ३६ तारांच्या चाकाला लागणारी तार बेळगावच्या गणपत गल्लीपासून निपाणीपर्यंत कुठेही मिळते. आपली मूळ चाके तशीच आहेत. त्यांचा आउट काढून घ्यावा, हबमधील छर्रे धुऊन नवे ग्रीस भरून घ्यावे, आणि ती अजून अनेक वर्षे वापरावीत. कार्बन फोर्कचेही तसेच: फ्रेमच्या आत जाणाऱ्या नळीचा व्यास, ती सरळ आहे की खाली रुंद होत जाणारी, ब्रेकचे कॅलिपर बसण्याची जागा आणि फोर्कची उंची, या चारही गोष्टी जुळल्या तरच तो बसतो. सध्या तो विषय बाजूला ठेवावा, आणि जुन्या बाजारातला वापरलेला कार्बनचा कोणताही भाग तर कधीच घेऊ नये, कारण त्यातली चीर बाहेरून दिसत नाही.

ब्रेकच्या किंचाळण्यात दोन कारणे मिसळलेली असू शकतात. डिस्कवर तेल गेले असेल, आणि चेनवर स्प्रेने तेल मारणाऱ्यांच्या बाबतीत ते नेहमी होते, तर ब्रेकचे पॅड तेल शोषून घेतात आणि मग ते वाचत नाहीत. दुसरे कारण पॅड झिजून पत्र्यापर्यंत आल्याचे. घर्षणाचा थर एक मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर लगेच बदलावेत. नवे घेताना जुना पॅड खिशात घालून दुकानात जावे आणि आकार जुळवावा, कारण पॅडचे आकार अनेक आहेत. डिस्कवर बारीक अक्षरांत ‘रेझिन पॅड ओन्ली’ असे कोरलेले असेल तर धातूचे पॅड घेऊ नयेत; ते पावसात जास्त टिकतात हे खरे, पण अशी डिस्क ते लवकर खातात. नवे पॅड बसवल्यावर डिस्क स्पिरिटने पुसावी आणि सपाट रस्त्यावर वीस-एक वेळा वेग घेऊन हळूहळू ब्रेक दाबावा. हे केल्याशिवाय घाट उतरू नये.

हेल्मेटविषयी आपण काही लिहिले नाही. ते नसेल तर या संपूर्ण यादीत ते पहिले समजावे. मोटारसायकलच्या हेल्मेटवर असणारा आयएस ४१५१ हा क्रमांक सायकलीसाठी नाही. सायकलीच्या हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी असा उल्लेख आतल्या बाजूला असतो, तो पाहावा. कपाळावरून फीत फिरवून डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा आणि हेल्मेट डोक्यावर घालूनच विकत घ्यावे. ज्या पद्धतीने आपण शाळेत जाताना केस बांधता, त्याच पद्धतीने बांधून दुकानात जावे. अंबाडा असेल तर अनेक हेल्मेट मागून वर उचलली जातात आणि कपाळ उघडे पडते. भुवयांच्या वर दोन बोटे इतकीच जागा राहिली पाहिजे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतला फोम दबलेला असतो, ते पुन्हा वापरू नये.

दिव्यांसाठी मी आपल्याला थोडे जास्त पैसे ठेवायला सांगेन, कारण आपल्या जिल्ह्याचा हंगाम तसा आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडे तर एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, मागे दिवा नसतो, रस्त्यावर ऊस सांडलेला असतो आणि पहाटे धुके असते. सांडलेल्या उसावर पुढचे चाक गेले की ते गोल दांडक्यासारखे सरकते. त्यामुळे पुढचा दिवा दुसऱ्याला दिसण्यापुरता असून चालणार नाही, आपल्याला रस्ता दिसला पाहिजे. ३०० ते ४०० ल्युमेनचा दिवा खाली झुकवून लावला तर पुरतो. मागे लाल दिवे दोन असावेत, एक स्थिर आणि एक लुकलुकणारा, म्हणजे एकाची बॅटरी संपली तरी अंधार होत नाही. घोट्यांवर परावर्तक पट्ट्या बांधाव्यात. पाय वरखाली होत असल्यामुळे मागच्या चालकाला सायकल चालली आहे हे लांबूनच ओळखू येते.

कपड्यांत जर्सीपेक्षा पावसाची तयारी महत्त्वाची. जर्सीसाठी कोणताही पॉलिस्टरचा, फिक्या किंवा भडक रंगाचा, मागे खिसे असलेला कपडा चालतो. सुती नको, कारण तो घामाने भिजून थंड पडतो आणि उतारावर छातीत गारठा भरतो. थंडीच्या पहाटेला जाड स्वेटरऐवजी बाह्यांचे सुटे मोजे आणि पातळ वाऱ्याचे जाकीट घ्यावे, म्हणजे ऊन वर आल्यावर दोन्ही काढून खिशात घालता येतात. पावसाळ्यात मात्र कणकुंबीकडचा पाऊस कोणताही रेनकोट पूर्ण थोपवत नाही. आतून घामाने आणि बाहेरून पावसाने, माणूस भिजतोच. तिथे वाऱ्यापासून बचाव करणारे हलके जाकीट आणि लांब मडगार्ड यांची जोडी अधिक कामाची आहे. मडगार्डचा खालचा रबरी पडदा जमिनीपासून चार-पाच बोटांवर येईल इतका लांब असावा. तो तांबडा चिखल पाठीवर येऊ देत नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुढच्या चाकाचा चिखल चेनवर उडू देत नाही.

क्लीटचे बूट आता नकोत. रोजच्या रस्त्यावर गुरे, शाळेची मुले आणि स्पीडब्रेकर असताना पाय मोकळा असलेला बरा. पुढे घ्यायचेच झाले तर दोन स्क्रूच्या क्लीटचे घ्यावेत, कारण त्यात चालता येते.

कुठून घ्यावे, याचे उत्तर भागागणिक वेगळे आहे. जे अंगाला लागते, म्हणजे हेल्मेट, सीट आणि चड्डी, ते घालून किंवा बसून पाहता येईल अशा दुकानातूनच घ्यावे. चेन, कॅसेट, टायर आणि ब्रेकचे पॅड आधी बेळगावात विचारावेत. नसतील तर कोल्हापूरला चौकशी करावी, आणि मगच ऑनलाइन. आमच्या दुकानांत एकाच वेळी मराठी, कन्नड आणि दख्खनी बोलली जाते, पण मिलिमीटर आणि दातांची संख्या सगळ्यांना सारखीच कळते, म्हणून लिहून घेतलेला कागद बरोबर असावा. पक्के बिल मागावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे बिलाशिवाय घेऊन वाचणारी रक्कम आता आणखी लहान झाली आहे आणि बदलून मिळण्याचा हक्क मात्र बिलावरच अवलंबून आहे.

एक भाग असा आहे जो ऑनलाइनच, पण सायकलीच्या मूळ कंपनीकडून मागवावा: डिरेल्युअरचा हँगर. मागच्या चाकापाशी डिरेल्युअर ज्या लहान ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो, तो हा. सायकल उजव्या बाजूला पडली की फ्रेम वाचवण्यासाठी तो आधी वाकतो किंवा मोडतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा, शेकडो आकार आहेत, आणि आयत्या वेळी तो कुठल्याच दुकानात मिळत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतील कुशल टर्नर तो हुबेहूब घडवून देऊ शकतात, हे मी करून घेतले आहे, पण त्यासाठी नमुना म्हणून न मोडलेला तुकडा हातात लागतो. काही शे रुपयांचा हा तुकडा आजच मागवून सीटखालच्या पिशवीत, जोडकडीशेजारी ठेवावा.

या सर्वांची बेरीज मध्यम प्रतीचे सामान धरून मी केली, ती १८,००० च्या आसपास येते. चेन, कॅसेट, ब्रेकचे पॅड आणि हेल्मेट या आठवड्यात घ्यावेत. टायर आणि दिवे त्यानंतर. मडगार्ड मृगाच्या आधी चढवावेत, कारण पाऊस सुरू झाला की बाजारातला चांगला माल संपतो. सीट मात्र सर्वात शेवटी घ्यावी: आधी जुनीच आडव्या रेषेत आणून, पॅडच्या चड्डीने चार रविवार चालवून पाहावी, आणि तरीही दुखत असेल तरच पुठ्ठ्याच्या मापाने नवी आणावी. उरलेल्या पैशांतून ८ गिअरची आणखी एक चेन घेऊन घरी ठेवावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लोखंडी फूटपट्टी लावून पाहावे, आणि पिन खुणेच्या एक षोडशांश इंच पुढे गेलेली दिसली की त्याच दिवशी ती दुसरी चेन चढवावी.